भर रस्त्यात इंजिनला इंधन मिळेना, तेव्हा बर्था बेंझनं टोपीतली पिन काढली

गाडी चालू आहे. इंजिन दोन-चार आचके देतं, खोकल्यासारखा आवाज करतं आणि गप्प बसतं.

आज असं झालं तर आपण काय करतो? गाडी बाजूला घेतो आणि ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन लावतो. तो फोनवरच सांगतो, आधी पेट्रोल बघ, मग प्लग बघ, नाहीतर कार्बोरेटरमध्ये कचरा आला असेल.

आता हाच सीन १८८८ सालच्या जर्मनीत नेऊन ठेवा.

फोन नाही, गॅरेज नाही, पेट्रोल पंप तर नाहीच नाही. रस्त्यावरच्या माणसांना गाडी म्हणजे घोड्यानं ओढायची वस्तू एवढंच माहीत. सोबत दोन शाळकरी पोरं. आणि गाडी नवऱ्यानं स्वतःच्या वर्कशॉपमध्ये जोडलेली, त्यामुळे तिची माहिती देणारं पुस्तकही कुठं छापलेलं नाही.

ती गाडी घेऊन निघालेल्या बाईचं नाव बर्था बेंझ. हो, मर्सिडीज-बेंझमधलं बेंझ तेच.

इंधनाची नळी तुंबली होती. बर्थानं टोपीत खोचलेली लांब पिन काढली, नळी मोकळी केली आणि गाडी पुढं काढली. महिला दिन आला की हा किस्सा सोशल मीडियावर हमखास फिरतो. फोटो, पिन, संगीत, संपला विषय.

पण त्या रीलमध्ये मेन मुद्दाच राहून जातो. पिन कुणाकडेही असू शकते. ती नेमकी कुठं घालायची हे या बाईला कसं कळलं?

त्यासाठी जरा मागं जावं लागतं.

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ चा. गाव फोर्झहाइम, म्हणजे नैऋत्य जर्मनीतला बाडेनचा भाग. माहेरचं आडनाव रिंगर. वडील सुतारकाम आणि बांधकामात पैसा कमावलेले, घर खातंपितं. घरात मुली बऱ्याच. असं सांगतात की बर्था झाली तेव्हा वडिलांनी घरच्या बायबलमध्ये नोंद करताना पुन्हा मुलगीच झाली म्हणून हळहळ लिहून ठेवली होती. आपल्याकडं नकुशी नाव ठेवायचे, त्यातलाच हा जर्मन प्रकार.

मुलींना विद्यापीठाचं दार तेव्हा बंद होतं. बाडेनमध्ये ते उघडलं १९०० साली.

१८६९ मध्ये एका सहलीत तिची भेट कार्ल बेंझशी झाली. कार्ल हा रेल्वे इंजिन चालवणाऱ्या माणसाचा पोरगा. तो लहान असतानाच वडील गेले, आईनं काबाडकष्ट करून शिकवलं आणि पोरगा कार्ल्सरुहेच्या तंत्रशाळेतून इंजिनिअर झाला. डोक्यात एकच खूळ, घोड्याशिवाय चालणारी गाडी.

खिशात मात्र काही नव्हतं.

१८७१ मध्ये कार्लनं मानहाइम शहरात ऑगस्ट रिटर नावाच्या भागीदारासोबत लोखंडकामाचा कारखाना टाकला. भागीदार बेभरवशाचा निघाला आणि धंदा सुरू होतो न होतो तोच बुडायला आला. तेव्हा बर्थानं लग्नात मिळणारे स्वतःचे पैसे लग्नाआधीच घरच्यांकडून घेतले आणि ते रिटरचा हिस्सा विकत घेण्यासाठी लावले. म्हणजे ज्या कारखान्यात पुढं मोटारगाडी तयार झाली, तो वाचला एका लग्न न झालेल्या मुलीच्या पैशांवर.

२० जुलै १८७२ ला दोघांचं लग्न झालं. आणि गंमत बघा, तेव्हाच्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईचा पैसाअडका नवऱ्याच्या ताब्यात जायचा. काल भांडवल घालणारी मुलगी आज कागदोपत्री फक्त बायको झाली.

पुढची काही वर्षं अशी की बँका दारात आणि पोरं घरात. धंदा बरा चालेना. कार्ल दिवसा पोटापाण्याची कामं करायचा आणि उरलेल्या वेळात इंजिनवर बसायचा.

१८७९ चा शेवटचा दिवस. कार्लचं दोन-स्ट्रोक इंजिन काही केल्या नीट चालत नव्हतं. घरात सांगितली जाणारी आठवण अशी की जेवणं झाल्यावर बर्थानंच विषय काढला, खाली वर्कशॉपमध्ये जाऊन पुन्हा एकदा प्रयत्न करू म्हणून. दोघं गेली, कार्लनं चाक फिरवलं आणि इंजिन धरलं. एका लयीत चालत राहिलं. दोघं उभी राहून नुसता आवाज ऐकत बसली, तोवर शहरात नव्या वर्षाच्या घंटा वाजायला लागल्या.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढची सगळी भानगड तिच्यातून सुरू होते.

ते इंजिन गॅसवर चालायचं. म्हणजे एका जागी घट्ट बसवायचं, शहरातल्या गॅसच्या पाइपला जोडायचं आणि त्यावर मशिनरी फिरवायची. इंधन आपोआप पाइपातून येत राहायचं. कारखान्यासाठी हे झकास. पण गाडीच्या मागं शहराचा गॅस पाइप बांधून फिरणार कसं?

गाडी पळवायची तर इंधन सोबत न्यावं लागणार. ते मावेल इतकं कमी जागेत पाहिजे, म्हणजे द्रव. आणि पेटेल असं पाहिजे, म्हणजे वाफ. द्रव घेऊन जायचं आणि चालता चालता त्याची वाफ करून इंजिनला पाजायची, हा खरा प्रॉब्लेम होता. चाकं, सीट, स्टिअरिंग हे सगळं नंतरचं.

कार्लनं काढलेला तोडगा साधा होता. एका भांड्यात पटकन उडून जाणारं इंधन ठेवायचं. इंजिन हवा ओढतं, ती हवा या इंधनावरून जाते आणि जाताना वाफ सोबत घेते. वाऱ्यावर ओला कपडा वाळतो ना, तसंच. फक्त इथं उडालेली वाफ सिलिंडरमध्ये जाते आणि तिथं ठिणगी पडते.

यात एक मेख आहे. हातावर सॅनिटायझर घेतलं की गार लागतं, कारण उडताना तो उष्णता घेऊन जातो. भांड्यातल्या इंधनाचंही तेच होतं. वाफ जाईल तसं उरलेलं इंधन थंड पडतं आणि थंड इंधनाची वाफ कमी होते. म्हणून इंजिनच्या जळक्या धुराची उष्णता या भांड्याला देण्याची सोय कार्लनं केली होती. दुसरी मेख अशी की आधी हलका भाग उडून जातो आणि तळाला जड भाग राहतो. म्हणजे भांड्यात इंधन दिसतंय, पण इंजिनला दम नाही, असंही होऊ शकतं.

मानहाइममध्ये कार्लची आधीची एक कंपनी भागीदारांशी पटेना म्हणून सुटली. मग १८८३ मध्ये मॅक्स रोझ आणि फ्रीड्रिख एसलिंगर या दोघांना घेऊन बेंझ अँड कंपनी उभी राहिली. हे दोघं सायकलींच्या धंद्यातले. त्यामुळे पहिल्या बेंझ गाडीला तारांच्या आऱ्यांची सायकलसारखी चाकं दिसतात.

गाडीला चाकं तीन. सिलिंडर एक, ९५४ सीसी. ताकद एका घोड्यापेक्षाही कमी, वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास. १८८५ मध्ये अंगणात चाचण्या झाल्या, त्यातल्या एकीत गाडी भिंतीवर आदळल्याचंही सांगतात. २९ जानेवारी १८८६ ला पेटंटचा अर्ज गेला, क्रमांक ३७४३५. पेटंटवर नाव एकच, कार्ल बेंझ.

३ जुलै १८८६ ला गाडी मानहाइमच्या रस्त्यावर लोकांसमोर आली. तेव्हा मोठा मुलगा ऑइगेन इंधनाची बाटली घेऊन गाडीच्या बाजूनं पळत होता. गाडीतलं संपलं की ओतायचं. जगातल्या पहिल्या मोटारगाडीचा पेट्रोल पंप म्हणजे तेरा वर्षांचा एक पोरगा होता.

आता तुम्हाला वाटेल, पेटंट मिळालं, गाडी चालली, म्हणजे गिऱ्हाइकांची रांग लागली असेल. अजिबात नाही. लोक बघायचे, हसायचे आणि घरी जायचे. भागीदारांना एका जागी बसणाऱ्या इंजिनच्या धंद्यात पैसा दिसत होता. कार्लचा स्वभाव असा की अजून एक सुधारणा, मग बाहेर काढू. गाडीची फेरी शहरात आणि आसपासच.

थोडक्यात, बर्थानं तरुणपणी जिच्यावर सगळे पैसे लावले ती वस्तू वर्कशॉपमध्ये धूळ खायच्या बेतात होती.

ऑगस्ट १८८८. शाळांना सुट्टी होती. बर्था ३९ वर्षांची, ऑइगेन १५ चा आणि रिचर्ड १३ चा. बर्थाची आई फोर्झहाइमला राहायची, मानहाइमपासून या वाटेनं शंभर किलोमीटरच्या थोडं वर. तिघांनी पहाटे कार्ल झोपलेला असताना गाडी बाहेर काढली. आवाजानं तो उठू नये म्हणून आधी ढकलत लांब नेली आणि मग सुरू केली. आईकडं जातोय एवढा निरोप चिठ्ठीत ठेवला. कशानं जातोय ते कार्लला वर्कशॉप बघितल्यावर कळलंच असेल.

ही गाडी पहिल्या मॉडेलची सुधारलेली आवृत्ती होती, तिसरं मॉडेल. पण इंधनाची वेगळी टाकी हिलाही नव्हती. वाफ करणाऱ्या भांड्यात बसेल तेवढंच, साडेचार लिटर. आपल्या साध्या मोटारसायकलच्या निम्म्या टाकीएवढं. आणि जायचं होतं शंभर किलोमीटर.

म्हणजे वाटेत इंधन लागणार हे निघतानाच ठरलेलं होतं.

तिघं हायडेलबर्गवरून पुढं गेले आणि वीस्लॉख गावात गाडी थांबली, ती थेट औषधाच्या दुकानासमोर.

आता औषधाच्या दुकानात कशाला?

कारण गाडी चालायची लिग्रोईनवर. लिग्रोईन म्हणजे खनिज तेलातला हलका, झटकन उडणारा भाग. तेव्हा कपड्यावरचे डाग काढायला लोक ते वापरायचे आणि ते मिळायचं केमिस्टकडं. बर्थानं दुकानातलं लिग्रोईन विकत घेतलं, भांड्यात ओतलं आणि निघाली. वीस्लॉखचं ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं, आणि ते खरंही आहे.

जाता जाता एक गोष्ट. जर्मन भाषेत पेट्रोलला बेन्झिन म्हणतात, त्यामुळे अनेकांना वाटतं की ते नाव बेंझवरून आलं. तसं नाहीये. बेन्झिन हा शब्द १८३३ चा, म्हणजे कार्लच्या जन्माच्याही आधीचा. तो आला बेंझोइन नावाच्या डिंकावरून. आपल्याकडं धूप म्हणून जो ऊद जाळतात, तोच हा डिंक.

असो. बाटलीतलं इंधन भांड्यात पडलं खरं, पण मध्ये गाळणी कुठं होती? डाग पुसायला विकलेल्या द्रवात कण असले तर कापडाचं काही बिघडत नाही. बारीक नळीचं मात्र बिघडतं. शिवाय भांडं, सांधे, नळ्या सगळं हातानं बनवलेलं. धुळीचे रस्ते, हादरे. कधी ना कधी काहीतरी अडकणारच होतं.

आणि अडकलं. इंजिनला इंधन पोचेना.

इथं क्षणभर थांबू, कारण आपला मूळ प्रश्न हाच आहे. बंद पडलेल्या गाडीकडं बघून इंधनच अडलंय हे कळतं कसं?

पेट्रोल इंजिनला जगायला तीन गोष्टी लागतात. हवेत मिसळलेली इंधनाची वाफ, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये नीट दाबलं जाणारं मिश्रण. तीनपैकी एक गेलं की इंजिन बंद. बाहेरून बघणाऱ्याला तिन्ही वेळेला एकच दिसतं, गाडी थांबली.

पण मरायची तऱ्हा वेगळी असते. आजचा जुना मिस्त्री हे कानानं ओळखतो. ठिणगी गेली तर इंजिन बटण बंद केल्यासारखं एकदम जातं. इंधन कमी पडत असेल तर ते हळूहळू जातं. आधी ओढ कमी होते, मग आचके, मग खोकला, मग शांतता. चढाला आणि जोर लावल्यावर आधी कळतं, कारण तेव्हाच इंजिनला जास्त इंधन हवं असतं. थोडा वेळ थांबून सुरू केली की जरा अंतर चालते आणि पुन्हा तेच. कारण थांबल्यावर झिरपून थोडं साचलेलं असतं, तेवढं संपलं की पुन्हा उपास.

बर्थाच्या प्रवासात इंधनाची नळी तुंबली. आणि त्याच प्रवासात ठिणगीच्या वायरचं आवरण घासून उघडंही पडलं. दोन वेगळे आजार, लक्षण जवळपास एक. पहिल्यावर उपाय टोपीची पिन. दुसऱ्यावर उपाय पायातला मोजा वर धरून ठेवणारा पट्टा, तो वायरला गुंडाळला आणि वीज भलतीकडं जायची थांबली.

उलटं करून बघा. वायर उघडी पडलेली असताना ती नळीत पिन घालत बसली असती, तर दिवस तिथंच मावळला असता. दोन्ही वेळेला हात बरोबर जागी गेला. याचं कारण टोपी किंवा पट्टा नव्हे. सोळा वर्षं ती त्या वर्कशॉपच्या सोबतीनं राहत होती आणि इंधन कुठून निघतं, कुठून जातं, ठिणगी कुठून येते हा रस्ता तिला माहीत होता. फोर्झहाइमचा रस्ता विचारत जाता येतो, हा विचारायला तिथं कुणी नव्हतं.

हे कौशल्य आजही तेवढंच लागतं. जगभरात अनेक हौशी लोक शेडमध्ये स्वतःच्या हातानं गाडी बनवतात. जुनं इंजिन, दुसऱ्या गाडीची टाकी, तिसरीची नळी. कंपनीच्या गाडीत डॅशबोर्डवर दिवा लागतो, इथं दिवा कोण लावणार? आणि प्रत्येक जोड आपणच केलेला असल्यामुळे संशय प्रत्येकावरच घ्यावा लागतो.

म्हणून करायचं काय, तर इंधन ज्या वाटेनं जातं त्याच वाटेनं आपण जायचं. टाकीपासून सुरुवात. टाकीत इंधन आहे का, हे काट्यावर न बघता डोळ्यानं बघायचं. मग झाकण. टाकीतून पेट्रोल बाहेर जायचं तर त्याच्या जागी हवा आत यावी लागते, आणि झाकणाचं बारीक भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होऊन पेट्रोल उतरेनासं होतं. झाकण उघडल्यावर फुस्स आवाज आला आणि गाडी परत चालू झाली तर चोर सापडला. हा प्रॉब्लेम भल्याभल्यांना दिवसभर नाचवतो, कारण नळी साफ, फिल्टर साफ, सगळंच साफ असतं.

मग इंजिन थंड झाल्यावर आणि आसपास कुठं आग किंवा ठिणगी नाही हे बघून, नळी इंजिनकडच्या टोकाला सोडवायची आणि बाटलीत धरायची. धार सलग येते की थेंब थेंब, यावरून अर्धा निकाल लागतो. धार नसेल तर अडथळा मागं, म्हणजे फिल्टर, पंप किंवा नळीच्या वळणात. धार चांगली असेल तर अडथळा पुढं, कार्बोरेटरमध्ये. नळी सायलेन्सरला खेटून गेली असेल तर तिच्यातच पेट्रोलची वाफ होते आणि धार तुटते. नळी आतून फुगून वाट बंद करते, बाहेरून मात्र नवीकोरी दिसते. आपल्या गावातला मिस्त्री जेट काढून तोंडानं फुंकतो किंवा तांब्याच्या वायरचा एक तंतू आतून फिरवतो. स्टीलची पिन घालत नाही, कारण पितळेच्या जेटचं भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल प्यायला लागते. बर्थाच्या पिनेला ती अडचण नव्हती, तिला नळी उघडायची होती.

परत रस्त्यावर येऊ.

इंधन सोडून बाकीचा तापही कमी नव्हता. इंजिन थंड ठेवायचं पाणी वाफ होऊन उडून जायचं, त्यामुळे दिसेल तिथून पाणी भरत राहायचं. ब्रुखझालला साखळीच्या दुरुस्तीसाठी लोहार गाठावा लागला. गाडीला गिअर दोनच, चढाला ते पुरेनात. मग रिचर्ड स्टिअरिंगवर आणि ऑइगेन व बर्था मागून ढकलायला. उताराला उलटी गंमत, लाकडी ब्रेक घासून संपायचे. बाउशलॉट गावात बर्थानं मोच्याकडून त्या लाकडी ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. आज गॅरेजमध्ये ब्रेक लायनर बदला म्हणतात ना, त्याची सुरुवात इथली.

आणखी एक बारीक गोष्ट. रस्त्यावर गाडी चालवायची लेखी परवानगी कार्लच्या नावावर होती. म्हणजे आजच्या भाषेत बाई विनालायसन निघाली होती.

अंधार पडता पडता तिघं फोर्झहाइमला पोचली. कार्लला तार गेली. काही दिवसांनी ती गाडी घेऊनच परत आली, दुसऱ्या वाटेनं. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या थोडं आत.

कार्लनं यानंतर गाडीत चढासाठी एक जादा, कमी वेगाचा गिअर बसवला. ब्रेकला चामडं आलं. आजच्या भाषेत बर्थानं टेस्ट ड्राईव्ह घेऊन बग रिपोर्ट दिला आणि पुढच्या व्हर्जनमध्ये फिक्स आला.

त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं. पॅरिसचा एमिल रॉजर गाड्या विकायला लागला. १८९४ मध्ये आलेली स्वस्त, हलकी वेलो गाडी चांगली खपली. १८९९ मध्ये बेंझ अँड कंपनीनं एका वर्षात ५७२ गाड्या बनवल्या आणि ती तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी मोटार कंपनी झाली. बर्थानं रिटरला दिलेले पैसे वसूल व्हायला २८ वर्षं लागली म्हणायचं.

पुढं कंपनीत वाद झाले आणि १९०३ मध्ये कार्ल बाजूला झाला. कुटुंब जवळच्या लाडेनबुर्गला गेलं आणि मुलांसोबत १९०६ मध्ये वेगळी कंपनी काढली. १९२६ मध्ये बेंझ आणि डाइमलर या दोन कंपन्या एक झाल्या. ४ एप्रिल १९२९ ला कार्ल गेला.

बर्था त्यानंतर पंधरा वर्षं त्याच घरात राहिली. कार्ल ज्या कार्ल्सरुहेमध्ये शिकला, तिथल्या तंत्र विद्यापीठानं त्याला १९१४ मध्येच मानद डॉक्टरेट दिली होती. बर्थाला त्याच विद्यापीठानं मानद सिनेटर केलं ३ मे १९४४ ला, तिच्या ९५ व्या वाढदिवशी. दुसरं महायुद्ध चालू होतं. दोन दिवसांनी, ५ मे ला, लाडेनबुर्गमध्ये तिचं निधन झालं.

अमेरिकेतल्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये कार्लचं नाव १९८४ ला लागलं. बर्थाचं २०१६ ला. मानहाइम ते फोर्झहाइम आणि परत या तिच्या वाटेला २००८ पासून अधिकृतपणे बर्था बेंझ स्मृती मार्ग म्हणतात, आणि त्यावर तिच्या नावाच्या पाट्या आहेत. कधी तिकडं गेलात आणि वीस्लॉखला थांबलात, तर औषधाच्या त्या दुकानाबाहेर तिचं स्मारकही बघायला मिळेल.